किटली घेऊन आलेली बाई

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे गुरुवारी दुपारी पिक्चर बघितला. हॉलीवूडचा, जुना, काळापांढरा. हॉलंडमधल्या टिलबर्गमध्ये मुलाच्या घराजवळ वस्तीचं सभागृह आहे, इथं त्याला बुर्तहाउस म्हणतात, तिथं. मग चालत घरी आलो. तिनं मेथी निवडली, मी देठं गोळा करून पिशवीत टाकली. जेवलो, झोपलो. सकाळी मी उठलो, ती उठली नाही.

एवढंच सांगायचं असतं तर ते फोनवर सगळ्या पाहुण्यांना सांगून झालंय. पण त्या गुरुवारी तिनं एक गोष्ट केली. तिच्याबरोबर उभा जन्म काढून मला कधी वाटलं नव्हतं की ही असलं काही करील. ते लिहायचंय. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहा, काना-मात्रा मी बघते." मी म्हटलं, काना-मात्रा बघ, मजकुराला हात लावू नको.

आम्ही इचलकरंजीचे. मी यंत्रमागावर, आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. ती कांडीवाली. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावर धोटा इकडून तिकडं पळत असतो. त्याच्या पोटात एक कांडी असते, तिच्यावर सूत गुंडाळलेलं. सूत संपलं की भरलेली दुसरी कांडी लागते. ती भरून देणारी बाई म्हणजे कांडीवाली. कांडी नाही तर कापड नाही. पण ती बसते कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, आणि तिच्याकडं कुणी बघायचं तर कांडी संपल्यावरच. लग्नाआधीपासून गुडघे धरेपर्यंत तिनं तेच केलं.

मुलगा शिकला. आइंडहोवनला चिप बनवायच्या मशिनी तयार होतात, तिथं लागला. राहतो टिलबर्गला. आम्ही दर वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचो. हे तिसरं वर्ष. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. ती आली की सायकल भिंतीला टेकवून डचमध्ये काहीतरी बोलत वर जायची. मराठी कळतं तिला, पण उत्तर इंग्रजीत. आम्ही दोघं दिवसभर खिडकीत. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं भुंकत नाही. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला एवढी शांतता सोसत नाही. कानात नुसतं घुमतं.

पहिल्या वर्षी असेच फिरायला निघालो आणि गारा आल्या. सभागृहाच्या दारात आडोशाला उभे राहिलो. आतून पांढऱ्या केसांची उंच बाई आली, हातानं 'आत या' म्हणाली, दोघांच्या हातात कॉफी दिली आणि खुर्च्यांवर बसवलं. समोर पडदा होता. दर गुरुवारी ती बाई म्हाताऱ्यांना जुने पिक्चर दाखवायची, तेही कामगारांचे. हे गाव एके काळी लोकरीच्या गिरण्यांचं. येणाऱ्यांतले बरेच जण गिरणीत राबलेले, नाहीतर त्यांचे आईबाप राबलेले. म्हणून खाणीवाले, गोदीवाले, लाँड्रीत कपडे धुणाऱ्या बायका, गिरणीचा संप असले पिक्चर. बोलणं इंग्रजीत, खाली डच अक्षरं. आम्हाला दोन्ही सारखंच.

पण काय सांगू. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो. आमच्याकडं पिक्चरमधला गरीब म्हणजे फाटका शर्ट घातलेला हिरो, हात बघावेत तर लोण्यासारखे. इथं एका म्हाताऱ्या खाणकामगाराचे हात अख्ख्या पडद्यावर आले. नखात काळं, एक बोट वाकडं. कुणीतरी, तिकडं अमेरिकेत, आमच्या जन्माच्या आधी, असल्या हातांवर एवढा उजेड टाकून बसलं होतं. हळदीच्या नवरीवर टाकावा तसा उजेड. गरिबी इतकी देखणी मी कधी बघितली नव्हती. खोटी असेल थोडी, पण देखणी.

एका पिक्चरमध्ये मागाचं खातं आलं. आता मी सरसावून बसलो. हिरॉईन चालू मागाशेजारी उभी राहून हिरोशी हळू आवाजात बोलत होती आणि त्याला ऐकू येत होतं. मला हसू आवरेना. तेवढ्यात तिच्या पाठीमागं मागावर धागा तुटला. खरंच तुटला, मी बघितला. आणि माझा उजवा हात आपोआप माग बंद करायला हँडलकडं गेला. तिथं हँडल नव्हतं, शेजारच्या म्हाताऱ्याचा कप होता. गरम कॉफी त्याच्या मांडीवर.

"अरे बाप रे," तो म्हणाला.

मी चमकून बघितलं. सावळा माणूस, आमच्यासारखाच. सुरिनामचा निघाला, दक्षिण अमेरिकेत पूर्वी डचांचं राज्य होतं तिथला. त्याचे पूर्वज बिहारकडून बोटीनं तिकडं ऊस तोडायला गेलेले, तो तरुणपणी इकडं आला आणि इथल्या गिरणीत लागला. बोलायचा ती भाषा आमच्या मागांवरच्या बिहारी पोरांसारखीच, म्हणून आम्हाला त्याची आणि त्याला आमची अर्धी-अधिक कळायची. हिनं पदरानं त्याची पँट पुसायला घेतली तर तो लाजला. त्या दिवसापासून तो आमच्या शेजारी बसायचा आणि पिक्चरमधलं कानात सांगायचा. कप मात्र दुसऱ्या हातात धरायचा.

मी बघायचो हिरोकडं नाहीतर मशीनकडं. ती कुठं बघते हे मला बरेच दिवस कळलंच नाही. एकदा हिरोला गोळी लागली, सगळे गप्प, आणि ही मला कोपरानं ढोसते.

"ती बघा की."

"कोण?"

"मागची. दारातली. मघाशीपण होती."

"अगं, तो मरायला लागलाय."

"त्याच्याकडं बघायला आहेत की सगळी."

मागाच्या खात्यात आवाजामुळं बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात सगळे ओठांवरून बोलणं ओळखतात, लांबूनसुद्धा. तिला तर त्यातलं जास्तच यायचं, कारण कान लवकर गेले होते. ती पडद्यावर मागं उभ्या असलेल्या माणसांचे ओठ बघायची. पुढं हिरो-हिरॉईन बोलत असायचे, मागं गर्दीतली माणसं आपापसात तोंड हलवायची, त्यांचा आवाज टाकलेलाच नसायचा. ही ते वाचायची. इंग्रजी येत नव्हतं, पण त्यात तिला अडचण वाटली नाही. सरळ मराठीत सांगायची. "तो म्हणतोय, पाय दुखायला लागले, कधी सोडणार." "ती म्हणतीय, पोर घरी एकटंय." मी चिडायचो, म्हणायचो अमेरिकेतली बाई मराठीत कशी बोलेल? ती म्हणायची, "ओठ बघून सांगते, वो. भाषा तुमची तुम्ही बघा."

चूकच होती ती. पण आता मला वाटतं, फार चुकत नसावी.

मग मीही मागं बघायला लागलो आणि थक्क झालो. पुढं गोरे कामगार, त्यांतही कुणी आयर्लंडचे, कुणी इटलीचे, सुरिनामवाला सांगायचा. त्यांचं दुःख, त्यांचा संप, त्यांची आई. आणि मागं, जरा अंधारात, दुसरीच दुनिया. स्टेशनवर बॅगा उचलणारा काळा माणूस. गल्लीच्या टोकाला लाँड्रीच्या दारात उभा चिनी. शेतात वाकलेले, टोप्या डोळ्यांवर ओढलेले मेक्सिकोचे लोक, त्यांची तोंडं तर दिसतच नाहीत. आणि काळ्या बायका. कुठल्याही घरात, कुठल्याही गावात, ट्रे घेऊन यायच्या आणि जायच्या. तिनं त्यांतली एक ओळखून ठेवली होती. अंगानं भरलेली, भुवया जाड, चालताना डावा पाय जरा जपून टाकायची. एका पिक्चरमध्ये स्वयंपाकीण, दुसऱ्यात स्वयंपाकीण, तिसऱ्यातही तीच.

"मालक बदलला बघा," ही म्हणायची, "काम तेच."

तीच होती का दुसरी, देव जाणे. मला सगळ्या सारख्या वाटायच्या. तसं बोललो तर म्हणाली, "इथल्या लोकांनापण आपण सारखेच वाटतो."

यंदा आल्यापासून तिच्या पोटात एक प्रश्न बसला होता. ती बाई कोण? दारातून आत जाते ती कुठं जाते? तिला नाव आहे का? पिक्चर सुरू होताना पाट्या पडतात, त्यात सगळ्यांची नावं येतात, असं मुलानं सांगितलं होतं. मग तिचं असेल की. पिक्चर संपल्यावर पांढऱ्या केसांची बाई खुर्च्या गोल मांडायची आणि ज्याला जे वाटलं ते बोलायला सांगायची. डच म्हातारे भरभरून बोलायचे. एक तुर्की बाबा होता, गिरणीत रंगखात्यात होता म्हणे, तोही चार शब्द बोलायचा. ही दर गुरुवारी ठरवून यायची आणि दर गुरुवारी पदर बोटाला गुंडाळत बसायची.

"विचार की."

"आज नको."

"मी विचारू का?"

"तुम्ही नका मधी पडू. तुम्ही भांडल्यासारखं विचारता."

हे खरं आहे.

जन्मात ती चार लोकांत उभी राहून बोलली नव्हती. खात्यात आमची सभा व्हायची, ती मागं भिंतीला टेकून ऐकायची. आता परतीचं विमान मंगळवारचं होतं. म्हणजे हा शेवटचा गुरुवार. पुढच्या वर्षी व्हिसा मिळतोय, न मिळतोय, तब्येत साथ देतेय, न देतेय. सकाळपासून ती घरात तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. सून म्हणाली, "आई, काय पाठ करताय?" तर म्हणाली, "काही नाही, शुभंकरोती."

त्या गुरुवारचा पिक्चर गिरणीच्या गावाचा होता. संप चाललाय. रात्री कामगार एका खानावळीच्या स्वयंपाकघरात जमतात, काय करायचं ते ठरवतात. दरवाजा उघडतो आणि एक काळी बाई कॉफीची मोठी किटली घेऊन येते. टेबलावर ठेवते. पुढाऱ्याकडं बघून ओठ हलवते, आवाज नाही, आणि मागच्या दारानं निघून जाते. एवढंच. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर संपलं. हिनं माझं मनगट धरलं ते पिक्चर संपेपर्यंत सोडलं नाही.

खुर्च्या गोल झाल्या. एक डच म्हातारा आपल्या बापाच्या संपाचं सांगत होता. तो थांबला आणि ही उठून उभी राहिली. नऊवारी सोडून बरीच वर्षं झाली होती, साधी पाचवारी, वरून सुनेचं जाकीट, पायात मोजे आणि सँडल. सगळ्यांनी बघितलं. मला वाटलं आता बसणार. नाही बसली. मराठीतच बोलली, मोठ्यानं, कारण कान गेलेली माणसं मोठ्यानंच बोलतात.

"ती किटली घेऊन आलेली बाई कोण? सगळ्यांची नावं लिवली, तिचं का न्हाई?"

सुरिनामवाल्यानं डचमध्ये सांगितलं. पांढऱ्या केसांची बाई सावकाश बोलली, ते त्यानं आम्हाला सांगितलं. त्या काळी अशा कितीतरी जणांची नावं पाटीवर घालत नसत. रोजावर यायचे, उभे राहायचे, जायचे. आणि पिक्चरमधल्या त्या गिरणीसारख्या गिरण्यांत काळ्या माणसांना मागावर उभं करत नसत, झाडलोटीला घ्यायचे. ही बाई कोण ते तिला माहीत नाही. "ऊ लोग के नाम ना लिखत रहा," तो म्हणाला, आणि मग स्वतःचंच काही आठवल्यासारखा जमिनीकडं बघत राहिला.

मला वाटलं झालं. उत्तर मिळालं, बसेल. पण ती बसेना. म्हणाली, "आमच्याकडं कापडाच्या ताक्यावर कामगाराचा नंबर टाकतात. कशाला? तर कापडात खोट निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं. मी तर कांडीवाली. माझा नंबरपण नव्हता. खोट निघाली तरी माझं नाव कुणी घेतलं नसतं." आणि हसली. रागानं नाही, खरंच हसली, जसं काही मोठी गंमत सांगितली.

सुरिनामवाला डचमध्ये सांगत होता आणि लोक तिच्याकडं बघत होते. तुर्की बाबानं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवत राहिला. मग पांढऱ्या केसांची बाई उठली, मशीनकडं गेली, पिक्चर मागं नेला आणि बरोबर तिथं थांबवला. स्वयंपाकघर. दारात ती. दोन्ही हातांत किटली. पुढचे सगळे कामगार पाठमोरे, आणि तिचा एकटीचा चेहरा आमच्याकडं.

सभागृहात कुणी खोकललंसुद्धा नाही. मी जन्मभर माग थांबवले. एक थांबवला तरी शेजारचे चालू असतात, खडखडाट काही जात नाही. आणि माझ्या बायकोनं, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेल्या बाईनं, ते सगळं थांबवलं होतं. हिरो, संप, मालक, सगळं. किती देशांची म्हातारी माणसं त्या एका बाईकडं बघत होती. जवळून बघितल्यावर दिसलं, किटली जड होती. खरी भरलेली. तिच्या मनगटाची शीर वर आली होती. तिला थोडा दम लागला होता. पिक्चर करणाऱ्यांना हे दाखवायचं नव्हतं, पण दिसत होतं.

ही पडद्याकडं बघून म्हणाली, "दिसली गं बाई एकदाची."

आणि बसली.

घरी येताना मीच म्हटलं, "भारी बोललीस." म्हणाली, "घसा सुकला, तुम्ही पाणी तरी आणायचं की." मेथी निवडताना मुलाला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "अरे वा, आई." नंतर मात्र मान काढून बघितलं त्यानं, तिचं सांगणं चालूच होतं म्हणून.

सकाळी मी हाक मारली. मग हात लावला. मग मुलाला उठवलं. इथला घरचा डॉक्टर आला, त्यानं बघितलं, म्हणाला झोपेत गेली, त्रास झाला नसणार. मुलगा जमिनीवर बसून रडला, लहानपणी रडायचा तसा. मला रडू आलं नाही. मी तिनं काल घातलेलं जाकीट घडी करून खुर्चीवर ठेवलं, परत उघडलं, परत घडी केली.

थोड्या वेळानं अंत्यविधीचं सगळं बघणारी बाई आली. इथं त्याची वेगळी माणसं असतात. काळा कोट, नीट केस, आवाज हळू. दहन कुठं, किती लोक, सगळं मुलाला विचारत होती. मग कार्डाचं निघालं. इथं माणूस गेलं की कार्ड छापून टपालानं पाठवतात. मधोमध नाव, खाली कोण कोण मागं राहिलं. मुलानं मजकूर केला आणि मला मराठीत वाचून दाखवला. प्रेमळ पत्नी, आई, सासू, आजी.

मी म्हटलं, "काम कुठंय?"

"बाबा, काम नसतं लिहीत."

"का नसतं?"

"पद्धत नाही तशी. घरचं कार्ड असतं हे."

"सगळी आपलीच नावं लिहिलीस. माझी बायको, तुझी आई, तुझ्या पोरीची आजी. ती स्वतः कोण होती ते कुठंय?"

"बाबा, प्लीज. आत्ता नको."

"आत्ताच. छापून झाल्यावर काय उपयोग?"

तो रडवेला झाला. म्हणाला, "कांडीवालीला डचमध्ये काय म्हणायचं मला नाही माहीत. इंग्रजीतपण नाही माहीत. कुणाला कळणार?"

ती बाई आमच्याकडं बघत होती, भांडण कशाचं ते तिला समजेना. मी खुर्ची ओढली, भिंतीकडं तोंड करून बसलो. डाव्या हातानं चाती, म्हणजे कांडी अडकवायची फिरती सळई, उजव्या हाताच्या दोन बोटांत सूत. सूत सैल सुटलं तर कांडी फसते, ताणलं तर तुटतं. कांडी भरली की काढायची, टोपलीत टाकायची, रिकामी लावायची. मी तिच्यासारखं केलं. कित्येक वर्षं बघितलं होतं, हात बरोबर चालला. मुलगा हळूहळू डचमध्ये सांगायला लागला, आई काय करायची ते. सांगता सांगता त्याचा आवाज सरळ झाला. लहानपणी तो तिच्या टोपलीशेजारीच झोपायचा.

बाईनं पेन खाली ठेवलं. "स्पूलस्टर," ती म्हणाली.

मुलगा तिच्याकडं बघायला लागला. ती बोलली, त्यानं मला सांगितलं. तिच्या आजीचं तेच काम, इथल्याच लोकरीच्या गिरणीत. आता हा शब्द फारसा कुणी बोलत नाही, पण शब्द आहे. मी तिला परत म्हणायला लावला. स्पूलस्टर. समुद्रापलीकडच्या माणसांनी माझ्या बायकोच्या कामाला आधीच नाव देऊन ठेवलं होतं. आणि तीन वर्षं आम्ही त्याच रस्त्यांवरून फिरत होतो.

मुलानं कार्डात शब्द टाकला, शेवटी, 'आजी'च्या पुढं.

"वर घे," मी म्हटलं. "तिच्या नावाखाली. आपण सगळे त्याच्या खाली."

त्यानं वर घेतला.

मग मी बूट घातले. आमच्यात मरणाचा निरोप टपालानं जात नाही, माणूस जातो. सून म्हणाली, बाबा, मी येते बरोबर. मी नको म्हटलं. सभागृह शुक्रवारी बंद असतं, पण दार लोटलेलं होतं. आत पांढऱ्या केसांची बाई एकटीच खुर्च्या एकावर एक रचत होती. मला डचमध्ये काही सांगता येत नव्हतं. मी दारात उभा राहिलो. तिनं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.